डबल मार्करमध्ये 'हाय रिस्क' आलंय? घाबरू नका, पण वेळही घालवू नका. रिपोर्ट असा वाचा

गरोदरपणाच्या तिसऱ्या महिन्यात तालुक्याच्या सोनोग्राफी सेंटरवर गेलं, की आता बऱ्याच ठिकाणी डॉक्टर एक रक्ततपासणी लिहून देतात. तिचं नाव डबल मार्कर. काही दिवसांनी मोबाईलवर पीडीएफ येते. सगळं इंग्रजीत, आकडे, एक आलेख आणि कुठंतरी ठळक अक्षरांत 'हाय रिस्क'. मग घरात रडारड सुरू होते. कुणी म्हणतं बाळात दोष आहे, कुणी म्हणतं पाडून टाका, कुणी म्हणतं असल्या तपासण्यांना काही अर्थ नसतो, फेकून द्या तो कागद.

यातलं एकही बरोबर नाही. हा रिपोर्ट बाळात दोष आहे असं सांगत नाही आणि तो फेकून देण्यासारखाही नाही. पुढची तपासणी करायची गरज आहे का, एवढंच तो सांगतो. ती पुढची तपासणी वेळेत झाली तर बहुतेक घरांतली काळजी तिथंच मिटते.

ही तपासणी कशासाठी असते?

आपल्या शरीरातल्या प्रत्येक पेशीत ४६ गुणसूत्रं असतात, म्हणजे २३ जोड्या. अर्धी आईकडून, अर्धी वडिलांकडून येतात. कधी कधी गर्भ तयार होतानाच एखाद्या जोडीत दोनाऐवजी तीन गुणसूत्रं येतात. मग बाळाच्या वाढीवर परिणाम होतो.

डबल मार्करमध्ये मुख्यतः तीन गोष्टींचा अंदाज घेतात:

- डाऊन सिंड्रोम: २१ व्या क्रमांकाचं गुणसूत्र एक जास्त. साधारण ७०० ते ८०० जन्मांमागे एक. ही बाळं जगतात, शिकतात, पण सावकाश.
- एडवर्ड्स सिंड्रोम: १८ व्या क्रमांकाचं गुणसूत्र एक जास्त. दुर्मीळ आणि फार गंभीर.
- पटाऊ सिंड्रोम: १३ व्या क्रमांकाचं गुणसूत्र एक जास्त. तोही दुर्मीळ आणि गंभीर. या दोन्हींमध्ये बहुतेक बाळं पहिल्या वर्षापलीकडे जगत नाहीत.

एक गोष्ट इथंच सांगायला हवी. सिकलसेल आणि थॅलेसेमिया हे आजार डबल मार्करमध्ये कळत नाहीत. त्यांची रक्ततपासणी वेगळी असते. गडचिरोली, चंद्रपूर, नंदुरबार अशा सिकलसेल जास्त असलेल्या भागांत नवरा-बायको दोघांनीही ती तपासणी करून घ्यावी, शक्यतो लग्नाआधी किंवा गरोदरपणाच्या सुरुवातीलाच.

चाळणी वेगळी, निदान वेगळं

सगळा गोंधळ इथंच होतो. तपासण्या दोन प्रकारच्या असतात.

पहिली चाळणी तपासणी. धान्य चाळताना खडे बाजूला काढायचे म्हणून आपण चाळण लावतो. चाळणीवर खडे राहतात, पण त्यांच्यासोबत मोठाले चांगले दाणेही राहतात. चाळणीवर राहिलं म्हणजे खडाच, असं कुणी म्हणत नाही. हातानं निवडून पाहावं लागतं. डबल मार्कर, क्वाड्रुपल मार्कर आणि एनआयपीटी या तिन्ही चाळणी तपासण्या आहेत.

दुसरी निदान तपासणी. हातानं निवडून पाहणं ते हेच. यात बाळाच्या किंवा वारेच्या पेशी काढून गुणसूत्रं प्रत्यक्ष मोजतात. 'आहे' किंवा 'नाही' हे उत्तर इथंच मिळतं.

ढोबळ हिशेब करून पाहू. समजा १०,००० गरोदर बायकांनी एनटी सोनोग्राफीसह डबल मार्कर केली. त्यातल्या साधारण ५०० जणींना 'हाय रिस्क' येईल. पण १०,००० मध्ये डाऊन सिंड्रोम असलेली बाळं असतील साधारण १४, आणि त्यातली १२ या ५०० मध्ये सापडतील. म्हणजे 'हाय रिस्क' आलेल्या सुमारे ४० जणींमागे एकीच्याच बाळात दोष निघतो. बाकी ३९ जणींची बाळं या बाबतीत ठीक असतात.

त्याच हिशेबात दुसरी बाजूही आहे. १४ पैकी एक-दोन बाळं चाळणीतून निसटतात, म्हणजे 'लो रिस्क' रिपोर्ट येऊनही बाळात दोष निघतो. म्हणून 'लो रिस्क' ही शंभर टक्के हमी नाही.

कोणती तपासणी कितव्या आठवड्यात?

- ११ ते १३ आठवडे ६ दिवस: एनटी सोनोग्राफी आणि डबल मार्कर. सोनोग्राफीत बाळाच्या मानेमागच्या पाण्याची जाडी मोजतात. रक्तात पॅप-ए आणि फ्री बीटा एचसीजी हे दोन घटक बघतात. १४ आठवडे पूर्ण झाले की एनटी मोजता येत नाही.
- १० आठवड्यांपासून पुढे: एनआयपीटी, आईच्या रक्तातून.
- ११ ते १३ आठवडे: सीव्हीएस, म्हणजे वारेचा बारीक नमुना काढून निदान.
- १५ ते २० आठवडे: क्वाड्रुपल मार्कर. डबल मार्करची वेळ हुकलेल्यांसाठी.
- १६ आठवड्यांपासून पुढे: बाळाभोवतीचं पाणी काढून निदान, म्हणजे ॲम्निओसेंटेसिस.
- १८ ते २० आठवडे: ॲनोमली स्कॅन. बाळाचं हृदय, पाठीचा कणा, मेंदू, मूत्रपिंडं नीट बघायची सोनोग्राफी. ही प्रत्येकीनं करावी, डबल मार्कर नॉर्मल असली तरी.

आठवडे मोजायचे ते शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून. पाळीची तारीख आठवत नसेल किंवा पाळी अनियमित असेल, तर पहिल्या तीन महिन्यांतल्या सोनोग्राफीत बाळाच्या लांबीवरून आठवडे ठरवतात. तीच तारीख पुढं धरायची.

रिपोर्ट कसा वाचायचा?

रिपोर्टमध्ये सगळ्यात महत्त्वाचा आकडा असा दिसतो: १:१५०. याचा अर्थ, असाच रिपोर्ट आलेल्या १५० बायका एकत्र केल्या, तर त्यातल्या एकीच्या बाळात तो दोष असेल आणि १४९ जणींच्या बाळात नसेल.

इथं बरेच जण फसतात. १:५० लहान वाटतो आणि १:५०० मोठा. धोका मात्र उलटा असतो. एक भाकरी ५० जणांत वाटली, तर वाट्याला येणारा तुकडा ५०० जणांत वाटलेल्या तुकड्यापेक्षा मोठा असतो. म्हणजे दुसरा आकडा जितका लहान, तितका धोका जास्त.

बऱ्याच लॅब डाऊन सिंड्रोमसाठी १:२५० ही रेघ धरतात. १:२५० पेक्षा जास्त धोका, उदाहरणार्थ १:१८०, असेल तर 'हाय रिस्क' आणि १:३००० असेल तर 'लो रिस्क'. ही रेघ माणसांनी सोयीसाठी आखलेली आहे. १:२४० आणि १:२६० यांत खरा फरक अगदी थोडा, पण एका कागदावर लाल शिक्का बसतो आणि दुसऱ्यावर हिरवा. म्हणून शिक्का बघून थांबू नका, आकडा बघा. १:२५० ते १:१००० मधला धोका मधला समजतात आणि अशा वेळी बरेच डॉक्टर एनआयपीटी सुचवतात.

रिपोर्टमध्ये धोक्याचे दोन-तीन आकडे असतात. ते असे ओळखा:

- वयानुसार धोका: फक्त आईच्या वयावरून काढलेला. साधारणपणे २५ व्या वर्षी १:१२५०, ३० व्या वर्षी १:९००, ३५ व्या वर्षी १:३५० आणि ४० व्या वर्षी १:१०० च्या आसपास.
- फक्त रक्तावरचा धोका: यात सोनोग्राफीची मापं धरलेली नसतात. हा आकडा तितका भरवशाचा नसतो.
- एकत्रित धोका: वय, रक्त आणि एनटी हे तिन्ही धरून काढलेला. निर्णयासाठी हाच बघायचा. रिपोर्टमध्ये एनटीचं माप नसेल, तर डॉक्टरांना विचारा की ते का धरलं नाही.

त्याशिवाय एमओएम असं लिहिलेला आकडा असतो. तितक्याच आठवड्यांच्या इतर बायकांच्या तुलनेत तुमचा घटक किती, हे तो सांगतो. १ म्हणजे अगदी मधोमध. डाऊन सिंड्रोममध्ये बहुधा पॅप-ए कमी, म्हणजे साधारण निम्म्यावर, आणि बीटा एचसीजी जास्त, म्हणजे दुपटीच्या आसपास दिसतं. पण एखादा एमओएम कमी-जास्त आहे म्हणून स्वतःच निष्कर्ष काढू नका. सगळं मिळून आलेला एकत्रित धोकाच महत्त्वाचा.

दोन गोष्टींकडे मात्र वेगळं लक्ष द्या. एनटी ३.५ मिलिमीटर किंवा जास्त असेल, तर रक्ताचा रिपोर्ट चांगला असला तरी पुढची तपासणी लागते. अशा बाळांत गुणसूत्रांचा किंवा हृदयाचा दोष असण्याची शक्यता वाढते. दुसरं, क्वाड्रुपल मार्करमध्ये एएफपी वाढलेलं असेल, तर प्रश्न डाऊनचा नसून बहुधा पाठीच्या कण्याचा असतो. त्यासाठी आधी चांगली सोनोग्राफी करतात.

आधी कागदावरची माहिती तपासा

हा धोका कॉम्प्युटर काढतो, आणि त्याला दिलेली माहिती चुकीची असेल तर उत्तरही चुकीचं येतं. खेड्यात रक्त एका गावात घेतात, सोनोग्राफी दुसऱ्या गावात होते आणि नमुना जातो पुण्या-मुंबईच्या लॅबला. मध्ये फॉर्म भरताना चुका होतात. रिपोर्ट हातात आला की एवढं ताडून बघा:

- नाव आणि जन्मतारीख बरोबर आहे का? आधारवरची तारीख खरी नसेल तर खरं वय सांगा.
- वजन त्या दिवशी केलेलं आहे का, की अंदाजानं टाकलंय?
- आठवडे सोनोग्राफीच्या कागदाशी जुळतात का?
- बाळ एक आहे की जुळं, हे लिहिलंय का?
- मधुमेह असेल किंवा गर्भ टेस्ट ट्यूब पद्धतीनं राहिला असेल, तर त्याची नोंद आहे का?

चूक सापडली तर लॅबला कळवा. योग्य माहिती टाकून त्याच नमुन्यावर धोका पुन्हा काढून देतात. बहुतेक वेळा नव्यानं रक्त द्यावं लागत नाही. माहिती सगळी बरोबर असेल, तर मात्र 'आकडा बदलतो का बघू' म्हणून दुसऱ्या लॅबमध्ये तीच तपासणी पुन्हा करण्यात पैसे आणि दिवस घालवू नका.

हाय रिस्क आलं, आता काय?

आता दोन रस्ते असतात. कोणता घ्यायचा हे धोका किती आहे, सोनोग्राफीत काय दिसलं, आठवडे किती झाले आणि तुम्हाला काय हवंय यावर ठरतं.

पहिला रस्ता: एनआयपीटी. आईच्या रक्तात वारेतून सुटलेले डीएनएचे बारीक तुकडे फिरत असतात. ते तपासून अंदाज काढतात. बाळाला सुई लागत नाही, धोका काही नाही. डाऊन सिंड्रोमची १०० पैकी ९९ च्या आसपास बाळं यात पकडली जातात आणि उगाच 'पॉझिटिव्ह' येण्याचं प्रमाण हजारात एखादं. म्हणजे डबल मार्करपेक्षा खूपच बारीक चाळण. पण आहे चाळणच. हे डीएनए वारेचं असतं, आणि क्वचित वारेत दोष असतो पण बाळात नसतो. कधी जुळ्यातलं एक बाळ सुरुवातीलाच जिरून गेलेलं असतं, त्याचाही परिणाम होतो. म्हणून एनआयपीटी पॉझिटिव्ह आली तरी गर्भपाताचा निर्णय तिच्यावर घ्यायचा नाही. आधी निदान तपासणी.

कधी एनआयपीटीत उत्तरच येत नाही. आठवडे कमी असले किंवा आईचं वजन जास्त असलं की असं होतं. मग पुन्हा रक्त द्यावं लागतं किंवा थेट निदान तपासणी करावी लागते. ही तपासणी डबल मार्करपेक्षा कितीतरी पट महाग आहे. दर लॅबप्रमाणे बदलतात, त्यामुळे आधी विचारूनच नमुना द्या.

दुसरा रस्ता: थेट निदान तपासणी. धोका फार जास्त असेल, एनटी जाड असेल किंवा सोनोग्राफीत बाळात काही व्यंग दिसत असेल, तर एनआयपीटीत वेळ न घालवता डॉक्टर हाच रस्ता सुचवतात.

पोटातून पाणी काढतात म्हणजे काय करतात?

या तपासणीची भीती सगळ्यांनाच वाटते, कारण पोटात सुई घालायची असते. प्रत्यक्षात काय होतं ते समजून घ्या. सोनोग्राफीत बाळ कुठं आहे हे बघत बघत डॉक्टर पोटातून एक बारीक सुई घालतात आणि बाळाभोवतीचं १५ ते २० मिलिलिटर पाणी काढतात. म्हणजे तीन-चार चमचे. सुई बाळाला टोचत नाहीत. काम काही मिनिटांचं असतं, भूल देऊन झोपवत नाहीत आणि बहुतेक बायका त्याच दिवशी घरी जातात. काढलेलं पाणी पुन्हा तयार होतं.

सीव्हीएसमध्ये पाण्याऐवजी वारेचा बारीक नमुना घेतात. ती लवकर करता येते, पण ती करणारे अनुभवी डॉक्टर मोठ्या शहरांतच मिळतात.

धोका आहे का? आहे, पण कमी. अनुभवी हातांनी केली, तर या तपासणीमुळे गर्भपात होण्याचं प्रमाण साधारण २०० मध्ये एकापेक्षाही कमी आहे. तपासणीनंतर एक-दोन दिवस जड काम, शेतातलं काम, पाण्याच्या घागरी-हंडे उचलणं टाळा. अंगावरून रक्त जाणं, पाणी जाणं, ताप येणं किंवा पोटात जोरात कळा येणं, यांपैकी काहीही झालं तर लगेच दवाखाना गाठा. आईचा रक्तगट निगेटिव्ह असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा, ॲन्टी-डीचं इंजेक्शन लागू शकतं.

रिपोर्ट दोन टप्प्यांत येतो. मुख्य गुणसूत्रांचा झटपट रिपोर्ट काही दिवसांत आणि पूर्ण रिपोर्ट साधारण दोन ते तीन आठवड्यांत.

कायद्यानं या तपासणीआधी तुम्हाला समजेल अशा भाषेत सगळी माहिती द्यावी लागते, लेखी संमती घ्यावी लागते आणि त्या संमतीची प्रत तुम्हाला द्यावी लागते. मराठीत फॉर्म मागा. न वाचता सही करू नका.

मुलगा की मुलगी, हे विचारू नका

गुणसूत्रांच्या तपासणीत बाळाचं लिंग लॅबला दिसतं. पण १९९४ च्या गर्भलिंग निदान प्रतिबंध कायद्यानुसार ते सांगणं गुन्हा आहे, खुणेनं सांगणंही. विचारणाऱ्या नवऱ्याला किंवा नातेवाइकालाही पहिल्याच गुन्ह्यात तीन वर्षांपर्यंत तुरुंगवास आणि ५० हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. 'जास्तीचे पैसे द्या, सगळंच सांगतो' असं म्हणणारा एजंट भेटला तर त्याच्यापासून दूर राहा.

वेळेचं गणित का महत्त्वाचं?

एक उदाहरण घ्या. एका बाईनं डबल मार्करची वेळ चुकवली आणि १९ व्या आठवड्यात क्वाड्रुपल केली. रिपोर्ट आला तेव्हा २० वा आठवडा लागला. घरात आठवडाभर चर्चा झाली. मग मोठ्या शहरात जाऊन पाणी काढेपर्यंत २१ वा संपला. पूर्ण रिपोर्ट आला तेव्हा २४ वा आठवडा सुरू. आता विचार करायला आणि दुसरं मत घ्यायला वेळच उरला नाही.

हेच १२ व्या आठवड्यात झालं असतं, तर १७-१८ व्या आठवड्यापर्यंत पक्कं उत्तर हातात असतं. म्हणून पाळी चुकली की लवकर नोंदणी करा आणि तिसऱ्या महिन्यातली सोनोग्राफी चुकवू नका. पेरणी-कापणीचे दिवस असले तरी.

निदान पक्कं झालं तर निर्णय कुणाचा?

पक्कं निदान झालं, तर गर्भ ठेवायचा की नाही हा निर्णय त्या बाईचा. डॉक्टर, सासरचे, माहेरचे सल्ला देऊ शकतात, जबरदस्ती करू शकत नाहीत. ठेवण्याचीही नाही आणि पाडण्याचीही नाही.

२०२१ च्या सुधारित कायद्यानुसार:

- २० आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरचं मत लागतं.
- २० ते २४ आठवड्यांत दोन डॉक्टरांचं मत लागतं आणि नियमांत दिलेली कारणं असावी लागतात. बाळात गंभीर व्यंग असणं हे त्यातलं एक कारण आहे.
- २४ आठवड्यांनंतर, बाळात गंभीर व्यंग असेल तर मेडिकल बोर्डाच्या निर्णयानंच.
- १८ वर्षांवरील बाईची स्वतःची संमती पुरते. नवऱ्याची सही कायद्यानं सक्तीची नाही.
- नाव गुप्त ठेवणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे.

एक कळकळीची सूचना: चौथ्या-पाचव्या महिन्यात मेडिकलमधून गोळ्या आणून घरी गर्भ पाडायचा प्रयत्न करू नका. रक्तस्राव होऊन जीव जाऊ शकतो. हे काम मान्यताप्राप्त रुग्णालयातच झालं पाहिजे.

बाळ वाढवायचं ठरवलं तर

डाऊन सिंड्रोम असलेली मुलं चालायला, बोलायला उशीर लावतात, शिकायला वेळ घेतात. पण शिकतात. चांगली देखभाल मिळाली तर आज अनेक जण पन्नाशीच्या पुढंही जगतात. जवळपास निम्म्या बाळांना हृदयाचा काही ना काही दोष असतो, म्हणून गरोदरपणातच बाळाच्या हृदयाची खास सोनोग्राफी करतात आणि बाळंतपण मोठ्या रुग्णालयात ठरवतात. थायरॉइड, ऐकणं आणि डोळेही वेळोवेळी तपासावे लागतात.

मदत कुठं मिळते?

- राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातून जन्मापासून १८ वर्षांपर्यंत तपासणी आणि उपचार. लवकर थेरपी सुरू करण्यासाठी जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्रं आहेत.
- दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड. जवळजवळ सगळ्या योजनांना हेच लागतं.
- राष्ट्रीय न्यासाची 'निरामय' आरोग्य विमा योजना, एक लाख रुपयांपर्यंत.
- संजय गांधी निराधार अनुदान योजना, अर्ज तहसील कार्यालयात. पात्रतेचे निकष तिथंच विचारा.

सुनेला दोष देऊ नका

अशा वेळी घरात पहिलं बोट सुनेकडे जातं. ग्रहणात भाजी चिरली, पपई खाल्ली, काम फार केलं, बाहेरची बाधा झाली. या कशामुळेही गुणसूत्र वाढत नाही. डाऊन सिंड्रोमच्या १०० पैकी सुमारे ९५ बाळांत हे पेशीविभाजनात योगायोगानं झालेलं असतं. ते कुणाच्या हातात नसतं. आईच्या वयाबरोबर शक्यता वाढते हे खरं. पण तरुण वयात बाळंतपणं जास्त होत असल्यानं डाऊनची बहुतेक बाळं पस्तिशीच्या आतल्या आयांनाच होतात. म्हणून 'माझं वय बावीसच आहे, मला कशाला तपासणी' असं म्हणू नका.

थोड्या घरांत मात्र गुणसूत्राची अदलाबदल आई किंवा वडिलांकडून आलेली असते. पहिल्या बाळाला डाऊन सिंड्रोम असेल, तर पुढच्या खेपेआधी त्या बाळाचा गुणसूत्रांचा रिपोर्ट घेऊन डॉक्टरांना भेटा. गरज असेल तर नवरा-बायको दोघांचीही तपासणी करतात.

कुठं जायचं, काय न्यायचं, काय विचारायचं?

उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात नेहमीच्या तपासण्यांबरोबर डबल मार्कर बहुतेक ठिकाणी होत नाही. पण वाट तिथूनच सुरू होते. आशाताईंना सांगा. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात सरकारी केंद्रांवर गरोदर मातांची मोफत तपासणी असते, तिथं रिपोर्ट दाखवा आणि जिल्हा रुग्णालय किंवा वैद्यकीय महाविद्यालयासाठी चिठ्ठी मागा. मुंबई-पुण्यासारख्या शहरांतल्या मोठ्या रुग्णालयांत जनुकतज्ज्ञ बसतात.

सोबत सगळ्या सोनोग्राफीचे कागद, डबल मार्करचा पूर्ण रिपोर्ट (फक्त पहिलं पान नको), माता-बाल संरक्षण कार्ड, रक्तगट आणि ओळखपत्र न्या. शक्यतो नवऱ्याला बरोबर न्या.

डॉक्टरांना हे प्रश्न विचारा. हवं तर मोबाईलमध्ये स्क्रीनशॉट काढून ठेवा:

1. माझा एकत्रित धोका किती, आणि कोणत्या आजाराचा?
2. यात एनटीचं माप धरलंय का? आठवडे आणि वजन बरोबर आहे का?
3. आज मला नक्की किती आठवडे झालेत?
4. माझ्यासाठी एनआयपीटी बरी की थेट पाण्याची तपासणी? का?
5. ती कुठं होईल, खर्च किती, रिपोर्ट किती दिवसांत येईल?
6. रिपोर्ट आल्यावर समजावून कोण सांगेल?

तपासणी करायचीच अशी सक्तीही नाही. काही जोडपी 'जे होईल ते आमचं' म्हणून निदान तपासणी नको म्हणतात. तोही त्यांचा हक्क आहे. फक्त तो निर्णय भीतीपोटी किंवा अर्धवट माहितीवर होऊ नये.

थोडक्यात लक्षात ठेवा

- 'हाय रिस्क' म्हणजे शक्यता, निदान नव्हे. बहुतेक बाळं यातून ठीक निघतात.
- 'लो रिस्क' आलं तरी १८ ते २० आठवड्यांची सोनोग्राफी कराच.
- शिक्का बघू नका, आकडा बघा. १:५० चा धोका १:५०० पेक्षा जास्त.
- डबल मार्कर किंवा एनआयपीटी यांच्या एकट्याच्या जोरावर गर्भपात नको. आधी पक्कं निदान.
- रिपोर्ट आला की दोन-तीन दिवसांत डॉक्टरांना भेटा. आठवडे थांबत नाहीत.

ही माहिती समजून घेण्यासाठी आहे. तुमच्या रिपोर्टवरचा निर्णय तुमच्या डॉक्टरांशी बोलूनच घ्या. आणि गावात कुणाच्या घरी असा कागद आला असेल, तर धीर द्या आणि त्यांना लवकरात लवकर डॉक्टरांकडे पाठवा.